जागा राखणाऱ्या नागरिकाचा सन्मान कसा करावा

एखादे उद्यान, टेकडी, तळे किंवा माळरान वाचते तेव्हा तिथे डोळ्यांना दिसेल असे काहीच घडलेले नसते. भराव पडलेला नसतो, रस्ता आखलेला नसतो, इमारत उठलेली नसते. सकाळी फिरायला येणाऱ्याला ती जागा काल होती तशीच आज दिसते. पूल बांधणाऱ्याला पूल दाखवता येतो, शाळा काढणाऱ्याला शाळा दाखवता येते. जागा राखणाऱ्या नागरिकापाशी दाखवायला असते ते टळलेले नुकसान, आणि त्यामागे असतात निवेदनांच्या प्रती, सुनावण्यांच्या तारखा, कार्यालयांचे हेलपाटे आणि पदरमोड करून काढलेली वर्षे. हे काम सहज नजरेला पडत नाही म्हणूनच त्याचा सन्मान जाणीवपूर्वक करावा लागतो, आणि तो करताना चुका होण्याचे कारणही हेच आहे, कारण सत्कार करणाऱ्यांनाच पुष्कळदा हे काम नेमके काय होते ते ठाऊक नसते.

अशा सन्मानाला एकच कसोटी लावावी असे मला वाटते: तो झाल्यावर ती जागा आधीपेक्षा थोडी अधिक सुरक्षित झाली का? व्यक्तीचा गौरव झाला आणि जागा होती तितकीच धोक्यात राहिली, तर तो गौरव सर्वांत कमी पटेल तो ज्याचा झाला त्यालाच. पुढच्या सगळ्या सूचना या कसोटीवर घासून घेतलेल्या आहेत.

वेळ कोणती साधावी

सन्मान बहुतेक वेळा फार उशिरा होतो. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या रोझाली एज यांनी १९३४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका डोंगरावरची सुमारे १,४०० एकर जमीन पुढे विकत घेण्याच्या हक्कासह भाडेपट्ट्याने घेतली, तिथे राखणदार नेमला आणि दर शरद ऋतूत स्थलांतर करणाऱ्या ससाण्यांची व गरुडांची होणारी सर्रास हत्या थांबवली. हॉक माउंटन अभयारण्य म्हणून आज जगभर ओळखली जाणारी जागा ती हीच. ज्या नामांकित पक्षीसंरक्षण संस्थेच्या कारभारावर त्यांनी अनेक वर्षे उघड टीका केली होती, त्याच संस्थेच्या १९६२ च्या वार्षिक सभेत उपस्थितांनी उभे राहून टाळ्यांच्या गजरात त्यांचे स्वागत केले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरअखेर त्यांचे निधन झाले. ते स्वागत मनापासूनचे होते याबद्दल शंका नाही, पण जमीन घेतली तेव्हापासून मध्ये २८ वर्षे गेली होती, आणि या वर्षांत त्यांना टाळ्यांपेक्षा सोबतीची गरज अधिक होती.

म्हणून लढा संपण्याची वाट पाहू नये. जागेच्या लढ्यात संपणे असे फारसे नसतेच. आज रद्द झालेला आराखडा पाच वर्षांनी दुसऱ्या नावाने परत येतो. सन्मानाला सर्वांत योग्य वेळ असते ती निर्णय लांबणीवर पडलेला असताना, लोकांचे लक्ष विरळ झालेले असताना आणि कार्यकर्ता एकटा पडू लागलेला असताना. त्या वेळी केलेल्या सत्काराने संबंधित अधिकाऱ्यांना कळते की या माणसामागे लोक आहेत. केनियातील पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी मथाई यांच्या बाबतीत जगाने हे काही प्रमाणात साधले. नैरोबीतील उहुरू उद्यानात ६० मजली इमारत उभारण्याच्या बेताला त्यांनी १९८९ मध्ये विरोध केला, तेव्हा देशातील सत्ताधाऱ्यांनी त्यांची जाहीर टवाळी केली आणि त्यांच्या संघटनेला सरकारी जागेतील कार्यालय सोडावे लागले. १९९१ मध्ये त्यांना तळागाळातील कार्यकर्त्यांसाठी असलेला गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांच्या पुढ्यात अजून कितीतरी वर्षांचा संघर्ष होता. नोबेल शांतता पुरस्कार आला तो २००४ मध्ये. या दोन पुरस्कारांपैकी पहिल्याचे मोल मला अधिक वाटते, कारण तो अडचणीच्या काळात आला.

आधी काम समजून घ्यावे

सन्मान ठरवणाऱ्या मंडळींपैकी किमान दोघांनी त्या व्यक्तीबरोबर ती जागा पायी फिरून पाहावी, आणि ती एकदा नव्हे तर निदान दोनदा, शक्य असेल तर वेगवेगळ्या ऋतूंत. ज्यांनी एखाद्या पाणथळीसाठी वर्षे घातली आहेत अशी माणसे चालताना काय पाहतात ते टिपण्यासारखे असते. मी अशा एका फेरीत होतो. त्या पाणथळीसाठी झटणाऱ्या बाई पुढे चालत होत्या आणि आम्ही पाण्यावरच्या पक्ष्यांकडे पाहत होतो; त्या मात्र दर पन्नास पावलांवर थांबून काठाच्या कडेला खाली बघत होत्या. राडारोड्याचा एखादा ताजा ढीग, चिखलात उमटलेली ट्रकची चाकोरी, कुंपणाचा आत सरकलेला खांब, नाल्याच्या तोंडाशी बदललेला पाण्याचा रंग, हे सारे त्या खिशातल्या वहीत तारखेसह लिहीत होत्या. त्या वहीची पाने पावसाने फुगलेली होती, शाई ठिकठिकाणी पसरली होती, आणि एका पानावर एकाच ओळीत बदकांची संख्या, पाण्याची पातळी आणि कार्यालयात दिलेल्या अर्जाचा आवक क्रमांक असे तिन्ही लिहिलेले होते. त्यांचे काम म्हणजे नेमके काय हे मला त्या एका ओळीतून कळले. नंतरच्या कोणत्याही भाषणातून ते तितके कळले नाही.

फिरून झाल्यावर कागद पाहावेत. कोणत्या आराखड्यावर हरकत नोंदवली, कोणत्या सुनावणीत काय मांडले, माहिती मागवून कोणती नोंद बाहेर काढली, कोणता आदेश मिळाला आणि त्याची अंमलबजावणी झाली की नाही, याची कालानुक्रमे टिपणे काढावीत. जिथे एखाद्या यशाचे श्रेय एकाच माणसाला दिले जाते, तिथे इतरांशीही बोलावे. ज्यांनी नकाशे काढले, ज्यांनी विनामोबदला वकिली केली, ज्या रखवालदाराने रात्री येणाऱ्या ट्रकचे क्रमांक टिपून ठेवले, त्यांची नावे बहुधा स्वतः कार्यकर्ताच सांगतो, विचारले तर. मतभेदांचीही माहिती घ्यावी. जवळच राहणाऱ्या, त्या जमिनीवर गुरे चारणाऱ्या किंवा सरपण गोळा करणाऱ्या लोकांना या लढ्याबद्दल काय वाटते हे न पाहता केलेला सन्मान पुढे त्याच कार्यकर्त्याला अडचणीत आणू शकतो. चिको मेंडिस यांचे मोठेपण याच ठिकाणी होते: ॲमेझॉनच्या जंगलातून रबराचा चीक गोळा करून जगणाऱ्यांचा हा पुढारी जंगल आणि त्यावर पोट असलेली माणसे यांना एकत्रच पाहत होता.

विचारल्याशिवाय काहीही जाहीर करू नये

अचानक सत्कार करून एखाद्याला सुखद धक्का देण्याची कल्पना इथे सरळ बाजूला ठेवावी. जमिनीत ज्यांचे पैसे गुंतलेले असतात ते गप्प बसत नाहीत. चिको मेंडिस यांना २२ डिसेंबर १९८८ रोजी त्यांच्या राहत्या घरी गोळी घालून मारण्यात आले. होन्डुरासमध्ये आपल्या समाजाची नदी धरणापासून वाचवण्यासाठी लढणाऱ्या बेर्ता कासेरेस यांना २०१५ मध्ये गोल्डमन पुरस्कार मिळाला आणि मार्च २०१६ मध्ये त्यांचीही त्यांच्या घरातच हत्या झाली. प्रसिद्धी म्हणजे संरक्षण, असे गृहीत धरता येत नाही हे या घटनेने फार कठोरपणे दाखवून दिले. लॅटिन अमेरिका व कॅरिबियनमधील देशांचा एस्काझू करार २०१८ मध्ये झाला व २२ एप्रिल २०२१ पासून अमलात आला. पर्यावरणासाठी लढणाऱ्या माणसांच्या संरक्षणाची तरतूद असलेला हा पहिला आंतरराष्ट्रीय करार आहे, पण जगाच्या बहुतेक भागांत असे कवच आजही नाही.

म्हणून त्या व्यक्तीला एकांतात, घाई न करता, आणि नकार द्यायला मोकळीक राहील अशा रीतीने विचारावे. नोकरीवर परिणाम होईल का, घरच्यांना त्रास होईल का, एखादा खटला चालू आहे का आणि त्यात जाहीर विधानांचा उपयोग विरुद्ध बाजूला होऊ शकेल का, छायाचित्र छापलेले चालेल का, राहण्याचे ठिकाण उघड होणार नाही ना, हे प्रश्न एकेक करून घ्यावेत. गप्प बसवण्याच्या हेतूने लावलेले अब्रुनुकसानीचे दावे ही अशा कार्यकर्त्यांच्या आयुष्यातली नित्याची गोष्ट असते. त्यामुळे जिथे प्रकरण न्यायालयात आहे तिथे मानपत्राचा मसुदा वकिलाला आधी दाखवणे हा सन्मानाच्या तयारीचाच भाग समजावा. व्यक्तीने नाव न घेता गौरव करा असे सांगितले तर तसेच करावे. पूर्ण नकार आला तर त्याचे कारण खोदून विचारू नये आणि गळही घालू नये. सन्मानासाठी जमवलेला निधी व माणसे त्यांच्या कामी कशी येतील एवढेच विचारावे.

मानपत्र लिहिताना

मला स्वतःला या सगळ्या खटाटोपात सर्वांत मोलाची वस्तू वाटते ती मानपत्र. सन्मानचिन्ह कपाटात जाते, फुले सुकतात. मानपत्र मात्र पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडते. पुढच्या सुनावणीत, निधीसाठीच्या अर्जात, एखाद्या नव्या अधिकाऱ्यासमोर ते ठेवता येते, अर्थात त्यात ठेवण्याजोगे काही लिहिलेले असेल तर.

‘निसर्गावर निस्सीम प्रेम करणाऱ्या, पर्यावरणरक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या थोर व्यक्तिमत्त्वास’ अशी वाक्ये कोणालाही लावता येतात, म्हणून ती कोणालाच लागत नाहीत. त्याऐवजी असे लिहावे: ‘तळ्याच्या उत्तर काठावरील भराव थांबावा यासाठी आपण सात वर्षांत एकतीस निवेदने दिली, प्रत्येक सुनावणीस स्वतः हजर राहिलात, आणि तळ्याची मूळ हद्द दाखवणारा जुना नकाशा अभिलेखातून शोधून काढलात, त्या नकाशाच्या आधारेच हद्द पुन्हा निश्चित झाली.’ यातले आकडे केवळ नमुन्यासाठी आहेत. खरे आकडे कागदांवरून घ्यावेत आणि जिथे खात्री नसेल तिथे आकडाच लिहू नये, कारण मानपत्रातली एक चूक विरुद्ध बाजू वर्षानुवर्षे दाखवत राहते.

जागेचे वर्णनही तितकेच नेमके असावे. ती गवताळ आहे, पाणथळ आहे, खाजणाची आहे की पानगळीच्या जंगलाची. तिथे कोणते प्राणी-पक्षी वर्षभर राहतात, कोणते हंगामापुरते येतात, कोणते वीण करतात. पावसाचे पाणी ती किती धरून ठेवते व आसपासच्या वस्तीला त्याचा काय उपयोग होतो, हे दोन-तीन वाक्यांत यावे. पडीक जमीन, ओसाड माळ, दलदल असे शब्द ज्या जागांना चिकटवून त्या गिळंकृत केल्या जातात, त्या जागांचे खरे नाव आणि खरे रूप एका अधिकृत कागदावर येणे हीच मोठी गोष्ट आहे.

जे हातून गेले तेही लिहावे. बहुतेक लढ्यांत अर्धी जमीन जाते आणि अर्धी राहते. गेलेल्या भागाचा उल्लेख टाळला तर मानपत्र खोटे पडते आणि ज्यांनी तो तुकडा जाताना पाहिला त्यांना ते सलते. सहकाऱ्यांची नावे, त्यांची संमती घेऊन, मजकुरातच घालावीत. ‘व त्यांचे सर्व सहकारी’ एवढ्यावर भागवू नये. शेवटी पूर्ण मसुदा त्या व्यक्तीला वाचून दाखवावा. अशी माणसे बहुधा विशेषणे खोडतात आणि तारखा दुरुस्त करतात. दोन्ही मानून घ्यावे.

कोणाच्या पैशातून, कोणाच्या हातून

ज्या कंपनीचा, व्यावसायिकाचा किंवा पुढाऱ्याचा त्या जागेवर अथवा तशाच दुसऱ्या जागेवर डोळा आहे, त्याच्याकडून या कार्यक्रमासाठी पैसा, मंडप, बक्षीस किंवा पाहुणेपण घेऊ नये. मदत केवढीही छोटी असो, त्या छायाचित्राचा उपयोग पुढे ‘पर्यावरणवादीही आमच्या बाजूने आहेत’ असे दाखवण्यासाठी होतो. प्रायोजकांची यादी कार्यकर्त्याला आधी दाखवावी आणि त्यांनी एखाद्या नावावर हरकत घेतली तर ते नाव काढून टाकावे. पैसे कमी पडले तर कार्यक्रम लहान करावा.

प्रमुख पाहुणा निवडताना पदापेक्षा अधिकार पाहावा. ज्यांच्या सहीने त्या जागेला संरक्षण मिळू शकते त्यांना बोलवावे, पण व्यासपीठावरून आश्वासन मिळवणे हे उद्दिष्ट ठेवू नये. तोंडी आश्वासने सभागृहाच्या दाराशीच विरतात. कार्यक्रमाच्या दोन-तीन महिने आधी त्यांच्या कार्यालयात पाठपुरावा करून एखादी ठरावीक मागणी पुढे न्यावी, उदाहरणार्थ हद्दीची मोजणी, रखवालदाराची नेमणूक किंवा अधिसूचनेचा मसुदा, आणि तो कागद तयार असेल तरच तो त्या दिवशी जाहीर करू द्यावा.

समारंभाची जागा

मोह होतो तो नेमका त्या जागीच समारंभ करण्याचा. याबाबत मला कळकळीने सांगायचे आहे, कारण ज्या कार्यक्रमाच्या आयोजकांत मीही होतो तिथे आम्ही ही चूक केली. तळ्यालगतच्या मोकळ्या खडकाळ पट्ट्यावर खुर्च्या मांडल्या होत्या आणि ध्वनिक्षेपकाची चाचणी चालू होती. टिटवीची एक जोडी सारखी डोक्यावरून घिरट्या घालत ओरडत होती. आम्ही ती नेहमीचीच म्हणून सोडून दिली. सत्कारमूर्ती आल्या, त्यांनी एकदा वर पाहिले, एकदा खाली पाहिले, आणि हार स्वीकारण्याऐवजी तिसऱ्या रांगेतल्या दोन खुर्च्यांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या पावलापासून हातभर अंतरावर, खड्यांमध्ये खड्यांसारखीच दिसणारी, करडी ठिपकेदार चार अंडी होती. कोणाच्याही पायाखाली ती आली नव्हती हा केवळ योग. सगळी मांडामांड उचलून आम्ही रस्त्यापलीकडे गेलो, आणि कार्यक्रम तासभर उशिरा झाला.

टिटवी घरटे असे बांधतच नाही. उघड्या जमिनीवरच्या खळग्यात अंडी घालते. जमिनीवर वीण करणारे बहुतेक पक्षी आपल्या अंड्यांच्या रंगावर भिस्त ठेवतात. जोडी हुसकली गेली की उन्हात अंडी तापतात आणि कावळ्यांना वाट मिळते. म्हणून समारंभ सभागृहात किंवा आधीच वर्दळीच्या असलेल्या प्रवेशद्वाराजवळ करावा. जागा दाखवायचीच असेल तर कार्यक्रमानंतर लहान गटांनी, मळलेल्या वाटेने, माहीतगारासोबत जावे. विणीचा हंगाम आणि स्थलांतरित पक्ष्यांच्या मुक्कामाचे दिवस कार्यकर्त्याला विचारून टाळावेत. रात्रीचे दिवे, फटाके, ड्रोन आणि फुगे यांना पूर्ण मज्जाव असावा. सुटलेले फुगे शेवटी पाण्यात किंवा झाडांत पडतात आणि त्यांचे तुकडे व दोऱ्या प्राण्यांच्या पोटात व पायांत जातात.

सत्काराच्या निमित्ताने झाडे लावण्याचा बेतही थांबून तपासावा. जंगल तुटलेल्या जागी, तिथल्याच जातीची रोपे, पुढची काही वर्षे पाणी व राखण देण्याच्या तयारीने लावली तर ठीक आहे. परंतु गवताळ माळावर किंवा पाणथळीच्या काठावर झाडे लावणे म्हणजे जो अधिवास वाचवण्यासाठी हा माणूस झटला तोच मोडणे होय. उघड्या गवताळ प्रदेशातील कितीतरी पक्ष्यांना व सस्तन प्राण्यांना दूरवर नजर जाईल अशी मोकळी जमीन लागते, आणि झाडे वाढली की ते तिथून हटतात.

काय द्यावे

जे देणे कामाला लागेल ते द्यावे, आणि काय कामाला लागेल हे त्यांनाच विचारावे. कोणाला चांगली दुर्बीण हवी असते, कोणाला प्राण्यांच्या हालचाली टिपणारा स्वयंचलित कॅमेरा, कोणाला न्यायालयाचा खर्च, कोणाला फक्त प्रवासखर्च. पैसे देताना ते व्यक्तीसाठी आहेत की कामासाठी, हे लेखी स्पष्ट असावे. आणि ते व्यक्तीसाठी असतील तर त्यांनी ते जागेवरच खर्च करावेत अशी अपेक्षा मनातही ठेवू नये. वर्षानुवर्षे स्वतःची मिळकत यात घातलेल्या माणसाला थोडी निश्चिंती मिळणे ही योग्यच गोष्ट आहे.

नाव देण्याचा प्रश्न नाजूक असतो. बाकावर, फलकावर किंवा पायवाटेवर नाव कोरणे सोपे, पण फलकामुळे नवी वर्दळ सुरू होणार नाही, पाया खणताना मुळे तुटणार नाहीत, आणि घरटी असलेल्या झाडाला खिळे ठोकले जाणार नाहीत हे पाहावे. नावाला खरे वजन येते ते कायदेशीर संरक्षणाबरोबर आले तर. चिको मेंडिस यांच्या हत्येनंतर ब्राझीलमध्ये १९९० मध्ये त्यांच्या नावाने राखीव वनक्षेत्र जाहीर झाले, आणि जंगल न तोडता त्यातून चीक व फळे गोळा करण्याचा तिथल्या लोकांचा हक्क त्यात मान्य झाला. फ्लोरिडातील एव्हरग्लेड्स या विस्तीर्ण दलदलीच्या प्रदेशासाठी झटणाऱ्या मार्जरी स्टोनमन डग्लस यांनी १९६९ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, तिथे प्रस्तावित असलेला प्रचंड विमानतळ रोखण्यासाठी संघटना उभारली. त्यांच्या हयातीतच, १९९७ मध्ये, एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानातील रानक्षेत्राला त्यांचे नाव देण्यात आले. १९९८ मध्ये त्या वारल्या तेव्हा १०८ वर्षांच्या होत्या. एवढ्या मोठ्या तोलाचे काही आपल्या हाती नसते हे खरे, पण हद्दीचे दगड बसवून घेणे, जमिनीच्या अधिकृत नोंदीत वापराचे बंधन चढवून घेणे, किंवा लगतच्या खासगी मालकाकडून बांधकाम न करण्याचा नोंदणीकृत करार मिळवणे हे लहान गटालाही चिकाटीने जमते.

नोंदी हाही सन्मानाचाच भाग

हॉक माउंटनवर १९३४ पासून शिकारी पक्ष्यांची मोजणी होत आली आहे. डीडीटी या कीटकनाशकाच्या काळात गरुडांच्या पिल्लांची संख्या घटत असल्याचे दिसले ते याच मोजणीच्या वह्यांतून, आणि ते दाखवता आले कारण आधीच्या वर्षांचे आकडे कोणीतरी जपून ठेवले होते. एकट्याने काम करणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरातल्या वह्या, नकाशे, छायाचित्रे व पत्रव्यवहार अशाच मोलाचे असतात, आणि माळ्यावरच्या खोक्यांत वाळवीच्या तोंडी असतात. सन्मानाच्या निधीतला मोठा हिस्सा या कागदांच्या प्रती काढून घेण्यावर, त्यांची सूची करण्यावर आणि ग्रंथालय किंवा विद्यापीठाकडे त्या सोपवण्यावर खर्च झाला तर मला तो सर्वांत सार्थकी लागलेला खर्च वाटेल. मूळ कागद त्यांच्याकडेच राहू द्यावेत. त्यांच्याशी सविस्तर बोलून ध्वनिमुद्रणही करावे, शक्यतो त्या जागेवर फिरताना, कारण बसून विचारलेल्या प्रश्नाला तारीख आठवत नाही, पण ठरावीक झाडापाशी उभे राहिले की आठवते.

यातले सगळे उघड करू नये. घरट्यांच्या, बिळांच्या व दुर्मीळ वनस्पतींच्या नेमक्या जागा शिकाऱ्यांना व चोरट्या व्यापाऱ्यांना हव्याच असतात. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात ठिकाणाचे अक्षांश-रेखांश बहुधा साठवलेले असतात. प्रसिद्ध करण्यापूर्वी ते काढून टाकावेत. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या मंचावर संकटग्रस्त प्रजातींचे नेमके ठिकाण आपोआप धूसर केले जाते, आणि तीच काळजी स्मरणिकेत व माहितीपटातही घ्यावी.

मोठ्या पुरस्कारांसाठी नाव सुचवायचे असेल तर आधी नियम नीट वाचावेत. गोल्डमन पुरस्कार १९८९ मध्ये स्थापन झाला, १९९० पासून दिला जातो आणि तळागाळातील कार्यकर्त्यांसाठीच आहे, मात्र त्यासाठी कोणालाही थेट अर्ज करता येत नाही. ठरावीक संस्था व तज्ज्ञांच्या जाळ्यामार्फतच नावे जातात. अशा ठिकाणी आपण तयार केलेले कालानुक्रमाचे टिपण, आदेशांच्या प्रती आणि मानपत्र एकत्र बांधून योग्य संस्थेच्या हाती देणे एवढेच आपले काम असते.

व्यक्ती हयात नसेल तर कुटुंबाची संमती घ्यावी आणि सहकाऱ्यांना मध्यभागी ठेवावे. राजस्थानातील खेजडली गावात १७३० मध्ये झाडे तोडली जाऊ नयेत म्हणून त्यांना कवटाळून प्राण देणाऱ्या बिष्णोई समाजातील ३६३ जणांपैकी सर्वत्र घेतले जाते ते अमृतादेवींचे नाव. ते घेतलेच पाहिजे, पण ३६३ हा आकडाही दर वेळी सोबत उच्चारावा.

कार्यक्रमानंतर

कार्यक्रमाच्या दारात पाहुण्यांच्या सह्यांसाठी वही ठेवतात, तिथे दुसरी एक वही ठेवावी. तिच्यात महिन्यातून एक सकाळ जागेवर फेरी मारणे, सुनावणीस हजर राहणे, अर्ज टंकून देणे, पाण्याचे नमुने घेणे, जुने कागद लावणे अशी कामे लिहिलेली असावीत आणि ज्याला जे जमेल त्यापुढे त्याने नाव व वार लिहावा. समारंभ संपल्यावर आठवड्याच्या आत आयोजकांपैकी एकाने या प्रत्येकाशी बोलून होकार पक्का करावा, न जमणाऱ्यांची नावे काढून टाकावीत, आणि उरलेली स्वच्छ यादी, पुढच्या सुनावणीच्या तारखेसह, कार्यकर्त्याच्या हाती नेऊन द्यावी. ती देताना त्या तारखेला आपण स्वतः किती वाजता, कोणत्या दाराशी उभे असू, हेही सांगून यावे.